घड्याळ खरं आहे, पण कोणाचं?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नसरापूरजवळ चेलाडी फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की वेल्हे. (सरकारी कागदावर आता राजगड तालुका, पण एसटीत तिकीट मागताना अजून सगळे ‘एक वेल्हे’ असंच म्हणतात.) तिथे न वळता पुढे कापूरहोळला गेलं की भोरचा रस्ता. तर या चेलाडी फाट्यावर डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी आणि माझा मामेभाऊ चहा पीत उभे होतो. एक अनोळखी मुलगा बाईकवरून घड्याळ घेऊन येणार होता.

मामेभाऊ भोरला एस. वाय. बी. कॉम. करतो. दिवाळीच्या सुट्टीत शिरवळच्या एका कंपनीत त्याने पॅकिंगचं काम केलं आणि आधीचे साठवलेले धरून त्याच्याकडे सोळा हजार रुपये जमले. त्याला हवं होतं टिसो पीआरएक्स, निळ्या तबकडीचं, क्वार्ट्झ. तुमच्यापैकी निम्म्यांना हे घड्याळ रील्समुळे माहीत असेलच. स्टीलची चेन, सत्तरच्या दशकातला लूक, मनगटावर एकदम सिनेमातल्या हिरोसारखं दिसतं. नवीन घ्यायचं तर पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात. जाहिरातीत तेच चौदा हजारांना होतं. ‘एक वर्ष वापरलेलं, बॉक्स आहे, बिल हरवलं.’

मला सोबत नेण्याचं कारण एवढंच, की मी पत्रकारिता शिकते, त्यामुळे मला ‘खोटं ओळखता येतं’ असा घरात समज आहे. तो समज त्या दिवशी जरा हलला. म्हणून हा लेख.

मुलगा आला. आमच्याच वयाचा, बोलायला चांगला. घड्याळ हातात घेतलं तर जड, नीट, चेनचं फिनिशिंग मस्त. मागच्या झाकणावर टी-१३७ ने सुरू होणारा मॉडेल नंबर आणि खाली सिरीयल नंबर. पण सेकंद काटा विचित्र चालत होता. सेकंदाला एक टिक करण्याऐवजी थांबायचा आणि एकदम चार सेकंद पुढे उडी मारायचा. भावाने विचारलं, हे असं का? तो म्हणाला, “स्विस आहे ना, त्याची स्टाइलच आहे ती.”

या उत्तराकडे परत येऊ. आधी मुळात अशा फाट्यांवर असे व्यवहार का व्हायला लागले, ते बघू.

स्वस्त होणार, पण कधी?

भारत आणि ‘एफ्टा’ म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटात १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. बातम्यांमध्ये चॉकलेट आणि घड्याळं स्वस्त होणार, एवढंच मोठ्या अक्षरात आलं. त्यातलं लहान अक्षरातलं वाक्य असं, की स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क एकदम जाणार नाही, सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे.

हिशोब करून बघा, बी. कॉम.वाल्यांना तर आवडेल. शंभर रुपयांचं घड्याळ बंदरात किंवा विमानतळावर आलं. २० टक्के मूळ आयात शुल्क, म्हणजे २० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २. झाले १२२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की जवळपास १४४. शुल्क शून्य झालं की हेच घड्याळ ११८ रुपयांना पडेल. म्हणजे सात वर्षांच्या शेवटी आयातीचा खर्च साधारण १८ टक्क्यांनी उतरतो. हा सगळा फायदा दुकानातल्या किंमतीत उतरेल का? स्विस फ्रँक रुपयाच्या तुलनेत महाग होत गेला तर बराचसा तिथेच जिरेल, आणि कंपन्या दर अधूनमधून वाढवतातच. त्यामुळे दणदणीत स्वस्ताई येईल असं मला वाटत नाही. पण दिशा खालची आहे, हे नक्की.

स्विस कंपन्यांनाही भारत हवाच आहे. २०२४ साली त्यांची जगभरातली घड्याळ-निर्यात घसरली, भारतात येणारी मात्र वाढली. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के शुल्क लावलं. नोव्हेंबरात ते १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं, पण तोवर एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून राहणं किती महागात पडतं, ते सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आता सेकंडहँडवाल्यांचं काय? जुन्या घड्याळाची किंमत नव्याच्या किंमतीला दोरीने बांधलेली असते. नवं उतरलं की जुनं उतरणारच. त्यामुळे ‘आत्ता घे, रेट वाढणारेत’ असं कोणी तुम्हाला क्वार्ट्झ घड्याळाबद्दल सांगत असेल, तर त्याला हसून चहा पाजा आणि निघा. रोलेक्सच्या काही ठरावीक मॉडेल्सना दुकानापेक्षा बाहेर जास्त भाव येतो, ते खरं आहे. पण ती वेगळी दुनिया. दुकानात सहज मिळणारं क्वार्ट्झ घड्याळ म्हणजे गुंतवणूक नव्हे. ते डब्यातून बाहेर आलं की उतरतं, आणि खरं सांगू का, म्हणूनच तर ते आपल्या बजेटमध्ये येतं. तक्रार कशाला करायची?

आतलं मशीन

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या कुळातला स्फटिक. त्याच्या इवल्याशा काट्यासारख्या तुकड्याला विजेचा झटका दिला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच नाही. दोनाचा पंधरावा घात आहे तो. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, सेकंदाला एक ठोका. मग छोटी मोटर काटा एक घर पुढे ढकलते. झालं घड्याळ. चावीच्या घड्याळातल्या शंभरेक भागांची कसरत इथे एक सेल आणि एक चिप करते.

गंमत अशी, की याच तंत्राने स्विस लोकांना जवळपास संपवलं होतं. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीइतकी होती. पण पुढच्या दहा वर्षांत किंमती धडाधड कोसळल्या. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९० हजार कामगार होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते ३० हजारांच्या थोडे वर उरले. त्यातून त्यांना वर काढलं ते १ मार्च १९८३ रोजी आलेल्या प्लॅस्टिकच्या स्वॉचने, फक्त ५१ भागांच्या क्वार्ट्झ घड्याळाने. टिसोही आज त्याच स्वॉच ग्रुपमध्ये आहे. पीआरएक्स १९७८ मधलं, ऐन संकटातलं डिझाइन. २०२१ मध्ये तेच परत आणलं आणि तुमच्या-माझ्या फीडमध्ये आलं.

आपल्याकडे हा धडा टायटनने लवकर घेतला. १९८७ पासून त्यांनी क्वार्ट्झवर भर दिला आणि एचएमटीची चावीची घड्याळं हळूहळू आजोबांच्या कपाटात गेली. त्याआधीच्या पिढीला स्विस म्हटलं की फेवर-ल्युबा आठवतं, या कंपनीचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. ती सगळी चावीची. बाजारात ‘व्हिंटेज स्विस’ म्हणून तबकडी रंगवून, कुठले कुठले भाग जोडून जी घड्याळं विकतात, ती बहुतेक याच चावीच्या घड्याळांमधून बनवलेली असतात. तो एक वेगळाच लेख होईल.

क्वार्ट्झमध्ये असली जोडाजोडी करण्यात विक्रेत्याला फार फायदा नसतो, कारण आतलं मशीन त्या मानाने स्वस्त असतं. ईटीए किंवा रोंडा कंपनीचं ठरावीक मशीन असेल तर चांगला कारागीर ते अख्खंच बदलून देऊ शकतो. म्हणजे मशीन बिघडलं तरी घड्याळ मेलं असं होत नाही. तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’ लिहिलेलं असेल तर मशीन स्विस, जोडणी आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये, आणि २०१७ पासून उत्पादन-खर्चाचा किमान ६० टक्के वाटा तिथला, असा त्याचा कायदेशीर अर्थ. नुसतं ‘स्विस मूव्हमेंट’ लिहिलेलं असेल तर मशीन तिकडचं, बाकी घड्याळ कुठेही जोडलेलं असू शकतं. दोन्ही लबाडी नाहीत, पण किंमत एकच लावली तर ती लबाडी.

एका वाक्याची मात्र मला खरंच भीती वाटते. ‘बंद आहे, फक्त सेल टाकावा लागेल.’ सेल बदलायला शे-दोनशे रुपये लागतात. चालू घड्याळ दाखवलं तर चार-पाच हजार जास्त मिळणार असतील, तर माणूस दोनशे रुपये खर्च का करत नाही? एक तर तो आळशी आहे, किंवा सेल टाकूनही ते चालत नाही हे त्याला माहीत आहे. संपलेला सेल दोन-तीन वर्षं आत पडून राहिला की गळतो, आणि आतल्या सर्किटला आणि केसासारख्या तारेच्या कॉइलला खातो. बाहेरून काही दिसत नाही.

चार सेकंदांची उडी

आता परत चेलाडी फाट्यावर या. काटा चार-चार सेकंद का उडत होता?

ती बिघाडाची खूण नाही, आणि स्टाइल तर अजिबात नाही. बऱ्याच स्विस क्वार्ट्झ मशीनमध्ये अशी सोय असते, की सेल संपत आला की काटा दर सेकंदाला हलण्याऐवजी चार सेकंदांनी एकदा चार घरं पुढे जातो. वेळ बरोबरच दाखवतो. आपल्याला सांगत असतो, की बाबा, सेल बदल. टिसो ही गोष्ट घड्याळाच्या माहितीत स्पष्ट लिहिते.

मी तिथेच मोबाईलवर शोधलं आणि मला हे कळल्यावर आनंदच झाला. म्हणजे मशीन अस्सल असण्याची शक्यता वाढली! बाजारातल्या स्वस्त नकलेत सहसा एवढी बारकी सोय करायला कोणी बसत नाही. मी भावाला डोळ्यांनी खूण केली, की ओके आहे. त्याने यूपीआय उघडलं.

मग डोक्यात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा होता. एक वर्ष हे घड्याळ वापरणाऱ्या माणसाला ही खूण माहीत नाही. ठीक, नसेल माहीत. पण आपलं चाळीस हजारांचं घड्याळ एक दिवस अचानक असं चालायला लागलं तर तुम्ही काय कराल? मी तर घाबरून तासाभरात दहा व्हिडिओ बघितले असते. याने ‘स्टाइल’ म्हणून टाकलं. आम्ही अर्धा तास घड्याळ तपासत होतो. डायल बघितली, नंबर बघितला, वजन बघितलं. समोरच्या माणसाला मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता.

विचारले. कुठून घेतलं? मामाने दुबईहून आणलं. कधी? मागच्या वर्षी. वॉरंटी कार्ड? (नव्या टिसोबरोबर दोन वर्षांची आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का असतो.) हरवलं. बॉक्स आहे, कार्ड तेवढं हरवलं? हो. मामांशी फोनवर बोलता येईल? ते झोपले असतील. सकाळचे अकरा वाजले होते, दुबईत साडेनऊ. असो, रविवार होता, झोपलेही असतील.

मग आम्ही म्हटलं, एका कागदावर लिहून दे. तुझं नाव, पत्ता, घड्याळाचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, किंमत, तारीख, ‘हे माझ्या मालकीचं आहे आणि मी विकत आहे’ आणि सही. सोबत आधारची झेरॉक्स. पैसे तुझ्याच नावाच्या खात्यात. तो म्हणाला, “घड्याळ घेताय का जमीन?” घड्याळ परत घेतलं, बाईकला किक मारली आणि गेला.

ते घड्याळ चोरीचं होतं, असं मी म्हणत नाही. कदाचित खरंच मामाचं असेल. आधारची झेरॉक्स अनोळखी माणसाला द्यायला कोणीही कचरतं, आणि त्यात त्याचं चूक नाही. (द्यायची वेळ आलीच तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी रेघ मारा. आधारचे पहिले आठ आकडे झाकले तरी चालतं.) पण ‘जमीन घेताय का’ हा टोमणा माझ्या डोक्यात राहिला. भोर-वेल्ह्यातल्या माणसाला सातबाऱ्याशिवाय गुंठाभर जमीन घे म्हणून सांगून बघा. तोच माणूस चौदा हजारांची वस्तू महामार्गाच्या कडेला, नाव न विचारता घेतो.

कायदा काय म्हणतो

यातलं बरंचसं मला स्वतःलाच नवीन होतं, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे १९३० चा माल विक्री कायदा, कलम २७. विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे, तेवढीच तो तुम्हाला देऊ शकतो. चोराकडे मालकी शून्य, म्हणून तुम्हालाही शून्य. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले, तरी मूळ मालक पुढे आला तर वस्तू त्याची.

दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना अप्रामाणिकपणे घेतली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मानायला सबळ कारण’ हे शब्द नीट वाचा. बिल नाही, कार्ड नाही, भाव निम्म्याहून खाली, माणूस नाव सांगत नाही. उद्या कोणी विचारलं की तुला शंका कशी आली नाही, तर आपण काय उत्तर देणार? लिहून घेतलेला कागद इथे उपयोगी पडतो. पैसे वाचतील याची तो हमी देत नाही, पण तुमचा हेतू सरळ होता हे दाखवतो.

तिसरं कलम वाचून तर मी उडालेच. १९६२ चा सीमाशुल्क कायदा, कलम १२३. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. पण तस्करीच्या वाजवी संशयावरून माल जप्त झाला, तर काही वस्तूंच्या बाबतीत ‘हा तस्करीचा नाही’ हे ज्याच्याकडे तो सापडला त्याने सिद्ध करायचं. त्या वस्तूंमध्ये सोन्याच्या शेजारी थेट नाव घेऊन काय लिहिलंय? घड्याळं. परदेशी घड्याळांची आयात जवळपास बंद असण्याच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावर ती चोरून उतरण्याच्या काळातलं हे कलम. २००१ नंतर आयात खुली झाली, तरी कलम पुस्तकात आहे तसं आहे. आता कॉलेजला घातलेलं एक टिसो बघून कस्टमवाले तुमच्या दारात येणार नाहीत, घाबरू नका. पण ‘दुबईच्या मामाची’ पाच-सहा घड्याळं एकदम घेऊन इन्स्टावर विकायचा साइड बिझनेस कोणाच्या डोक्यात असेल, तर त्याने हे कलम वाचावं. तशी दोन मुलं माझ्या ओळखीत आहेत.

आणि फसलात तर? दुकानातून, बिल घेऊन सेकंडहँड घेतलं असेल तर ग्राहक म्हणून तुमच्याकडे मार्ग आहे, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जीएसटी फक्त त्याच्या नफ्याच्या फरकावर भरायची सोय आहे, तेव्हा ‘बिल केलं तर अठरा टक्के वाढतील’ हे कारण ऐकून घेऊ नका. पण एखाद्याने स्वतःच्या हातातलं घड्याळ विकलं तर तो व्यापारी नव्हे, आणि ग्राहक आयोगाचं दार तिथे सहसा उघडत नाही. ‘आधी दोन हजार इसार पाठवा, मग कुरिअर करतो’ यात पैसे गेले, तर तो सरळ सायबर गुन्हा. १९३० वर लगेच फोन करा, तासाभरात केला तर पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. हा नंबर आणि मघाचा कायदा यांचा आकडा एकच आहे, एवढंच लक्षात ठेवलं तरी पेपरला उपयोगी पडेल.

मग आपला पाऊस

शहरातल्या मुलांनी लिहिलेल्या टिप्समध्ये हा मुद्दा कुठेच नसतो, पण वेल्ह्यात राहणाऱ्याला घड्याळाचा खरा शत्रू विचारा. पाणी.

माझं स्वतःचं सांगते. अकरावीत असताना मला मावशीने तिचं जुनं स्विस क्वार्ट्झ दिलं. मागे ‘३० मीटर’ लिहिलेलं. सेल संपला म्हणून एका दुकानात पाच मिनिटांत बदलून घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक माझी. जुलैत आम्ही गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगडावर गेलो. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत अंगातला रेनकोट नावालाच उरला होता, आणि काचेच्या आत धुकं. बाहेर धुकं, आत धुकं, मॅचिंग! दोन दिवसांनी काटे गंजले, आठवड्याने थांबले. मावशीला अजून नीट सांगितलेलं नाही.

३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल पोहता येतं असा अर्थ नसतो. नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत तेवढा दाब सहन केला, एवढंच. हात धुताना उडालेलं पाणी चालेल, धबधब्याखाली उभं राहणं नाही. पीआरएक्समधला शेवटचा एक्स हा रोमन दहा आहे, दहा वातावरणांच्या दाबासाठी. ते जास्त तगडं. पण ही सगळी ताकद मागच्या झाकणाखालच्या आणि चावीपाशी असलेल्या बारीक रबरी रिंगांवर उभी असते. रबर वाळतं. सेल बदलताना झाकण उघडलं, रिंग चिमटली किंवा जुनीच बसवली, दाबाची चाचणी केली नाही, की मागे कोरलेला आकडा नुसता शोभेचा. सेकंडहँड घड्याळ किती वेळा आणि कोणी उघडलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून घेतल्या घेतल्या रिंग बदला आणि चाचणी करणाऱ्याकडेच जा. त्यासाठी बहुतेक पुण्याला यावं लागेल, तर एसटीचं भाडं घड्याळाच्या किंमतीत आधीच धरा.

घेण्याआधी घरच्या घरी करण्यासारखी कारागिरांची एक युक्ती आहे. घड्याळ थोडा वेळ मनगटावर घालून कोमट होऊ द्या आणि काचेवर बर्फाचा खडा मिनिटभर ठेवा. पुसल्यावर आतून वाफ धरलेली दिसली, तर आत दमटपणा आहे. चेलाडी फाट्यावरही शेजारच्या टपरीवर लिंबू सरबतासाठी बर्फ होता, आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

तर, त्या रविवारी भोरला परत जाताना भाऊ बाईकवर एक शब्द बोलला नाही. कापूरहोळला उसाच्या रसासाठी थांबू म्हटलं तरी नाही. त्याचा सगळा राग माझ्यावर. मुलगा चोर निघाला असता तर मी हिरो झाले असते, पण तो नुसता निघून गेला, आणि चौदा हजारांचं पीआरएक्स आमच्या डोळ्यांसमोरून गेलं, एवढंच खरं.

पुढे महिनाभराने मामींच्या ओळखीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी त्यांचं टिसो काढायचं ठरवलं. लेकीने स्मार्टवॉच दिलं होतं म्हणून. पीआरएक्स नव्हे, लहान, पांढऱ्या तबकडीचं, चामड्याच्या पट्ट्याचं, रील्समध्ये कोणी ढुंकून बघणार नाही असं. पण लक्ष्मी रोडच्या दुकानाचं २०११ सालचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं, वॉरंटी कार्डावर शिक्का, आणि सेल कधी कधी बदलला त्याच्या तारखा बॉक्सच्या झाकणाच्या आत पेनाने लिहिलेल्या. काकांनी सहा हजार सांगितले, मामींनी साडेपाचवर आणले. कागद लिहून मागायची भावाला लाज वाटत होती, तर काकांनी स्वतःच दोन प्रतींमध्ये लिहून एकीवर त्याची सही घेतली. बँकेतला माणूस!

उरलेल्या पैशांत त्याने पुण्यात येऊन रिंग बदलून, चाचणी करून घेतली. पुढची तारीख काकांच्याच खाली, तशाच पेनाने लिहिली. जूनच्या आधी परत दाखवायचं, म्हणून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावलाय. वेळ बघायला तो अजून मोबाईलच काढतो, ते सोडा.